ते मूर्ख नव्हते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. ओम् शिनरिक्यो या जपानी पंथावरच्या लेखात मी म्हटलं होतं की अशा ठिकाणी जाणारी माणसं तुमच्या-आमच्यातलीच असतात. तुमचं म्हणणं, हे खुन्यांना पाठीशी घालणं झालं. डोकं ठिकाणावर असलेला, शिकलेला माणूस असल्या बुवाच्या नादी लागतच नाही. आणि मेलेल्यांच्या घरच्यांसमोर उभं राहून हे बोलायची माझी तयारी आहे का, असंही तुम्ही विचारलंत. शेवटी भाच्याविषयी लिहिलंत. जगाची सूत्रं कोण हलवतं ते सांगणाऱ्या एका ग्रुपात तो अडकलाय आणि तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंय. खरं तर मला त्याच्याविषयीच लिहायचंय, पण आधी बाकीचं.

२० मार्च १९९५ च्या सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, टोकियोच्या भुयारी रेल्वेत या पंथाचे पाच शिष्य चढले. सारीन या जीवघेण्या विषारी रसायनाच्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिक पिशव्या त्यांनी डब्यात खाली टाकल्या, मुद्दाम टोक काढलेल्या छत्र्यांनी फोडल्या आणि स्टेशन येताच उतरून गेले. १४ जणांचा जीव गेला. त्यातली एक बाई पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली. या पाच जणांतला इकुओ हायाशी हार्ट सर्जन होता, केइओ विद्यापीठाचा, सरकारी इस्पितळात मोठ्या हुद्द्यावर. तोरू तोयोदा टोकियो विद्यापीठातलं भौतिकशास्त्राचं संशोधन सोडून आलेला. केनिची हिरोसे वासेदा विद्यापीठाचा, तोही भौतिकशास्त्राचा. ज्याने सारीन तयार केलं तो मासामी त्सुचिया रसायनशास्त्र शिकलेला. शिक्षणाने माणूस सुरक्षित होतो ही समजूत या चार नावांपुढे टिकत नाही. आणि ती समजूत धोक्याची आहे, कारण 'आपल्या घरात असं होणार नाही' म्हणून आपण निर्धास्त राहतो.

यांतल्या कुणालाही पहिल्या दिवशी 'चल, माणसं मारायची आहेत' असं सांगितलं नव्हतं. पंथाचा गुरू शोको असाहाराने १९८४ मध्ये टोकियोच्या शिबुया भागात सुरू केला तो योगवर्ग. प्राणायाम, ध्यान, कुंडलिनी, सगळे आपल्या ओळखीचे शब्द. हिमालयात जाऊन आपल्याला अंतिम ज्ञान झालं, असं तो पुढे सांगू लागला. हायाशी वैद्यकशास्त्र जिथे थांबतं तिथल्या प्रश्नांची उत्तरं शोधत होता. तोयोदा, हिरोसे विशीतले. मरणाचा, जगण्याचा जो प्रश्न घरी काढला की 'आधी नोकरीचं बघ' असं उत्तर मिळतं, तो तिथे कुणीतरी समोर बसून शांतपणे ऐकून घ्यायचं. माणूस आत येतो तो या ऐकून घेण्यामुळे. शिकवण मागाहून येते, तीही थोडी थोडी.

आत आलेल्याला धरून ठेवण्याची रीत मात्र वेगळी, आणि माझ्या मते तीच जास्त समजून घ्यायला हवी. ओम्‌मध्ये प्रत्येक पायरीला किंमत होती. गुरूच्या मेंदूतल्या लहरी शिष्याच्या डोक्यात उतरवणारी म्हणून वायरी लावलेली एक टोपी होती, तिच्यासाठी लाखो येन मोजावे लागत. गुरूचं रक्त पिण्याचा विधी होता, त्यालाही पैसे. मग संन्यास. घर, साठवलेले पैसे, सगळं पंथाच्या नावावर करायचं, घरच्यांशी संबंध तोडायचे आणि फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावातल्या त्यांच्या वसाहतीत राहायला जायचं. झोप कमी, जेवण जेमतेम, कानाशी गुरूचं प्रवचन चालूच. हायाशी १९९० मध्ये बायको-मुलांसह तिथे गेला. एवढं दिल्यावर 'हे सगळं खोटं होतं' असं म्हणणं म्हणजे आपण आपलं घरदार आपल्या हाताने बुडवलं हे मान्य करणं. ते मान्य करण्यापेक्षा आणखी एक दिवस विश्वास ठेवणं सोपं जातं.

आतल्या गोटातल्यांना तर गुन्ह्यानेच बांधून टाकलं होतं. १९८८ मध्ये साधनेदरम्यान एक शिष्य मेला, ते दडपलं. ते पाहिलेल्या दुसऱ्याने बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला ठार केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, शिष्यांच्या पालकांची बाजू लढवणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो, त्यांची पत्नी आणि तान्हा मुलगा यांना. यानंतर ज्यांचे हात माखले त्यांना परत जायला घरच उरलं नाही.

कट-कारस्थानाच्या कथा इथे कामाला येतात. १९९० च्या निवडणुकीत पंथाने २५ उमेदवार उभे केले, सगळे सपाटून पडले. शिष्यांना सांगितलं, मतांमध्ये घोळ केला. पुढे सारीन स्वतः बनवत असताना शिष्यांना सांगत, बाहेरचे शत्रू आपल्यावर विषारी वायू सोडताहेत. वसाहतीत हवा शुद्ध करणारी अजस्र यंत्रं बसवली होती, त्यांना नावही एका ॲनिमेशन मालिकेतल्या यंत्राचं. प्रत्येक अपयश शत्रूचं काम, प्रत्येक टीका शत्रूची, आणि टीका करणारा बाप किंवा मामा म्हणजे शत्रूला सामील. तुमच्या भाच्याने तुम्हाला 'झोपलेले' म्हटलं असेल तर ते वाक्य त्याचं नाही, त्याला दिलेलं आहे.

आता मेलेल्यांच्या घरच्यांविषयी. कासुमिगासेकी स्टेशनवर ती पिशवी उचलून मेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नी कित्येक वर्षं पीडितांच्या वतीने बोलत आल्या आहेत. २०१८ च्या जुलैत असाहारासह तेरा जणांना फाशी झाली. पहिल्या सात फाशींनंतर त्या म्हणाल्या की या लोकांनी अजून सांगायला हवं होतं, आता त्यांच्याकडून काही ऐकता येणार नाही याचं वाईट वाटतं. नवरा गमावलेल्या बाईला हे कसं घडलं ते ऐकायचं होतं. समजून घेणं आणि माफ करणं यांत तिने गल्लत केली नाही, आपणही करू नये. हायाशीने कबुली दिली, म्हणून त्याला फाशीऐवजी जन्मठेप झाली. त्याचा गुन्हा त्यामुळे हलका झाला असं मी म्हणत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, 'मग काय त्यांची आरती ओवाळायची?' नाही. पण जपानने पुढे काय केलं तेही पाहा. कित्येक गावांनी माजी आणि आजी शिष्यांची रहिवासी नोंद करायला नकार दिला, असाहाराच्या मुलीला मिळालेला विद्यापीठाचा प्रवेश रद्द झाला. राग समजण्यासारखा आहे. पण बाहेर कुणी उभं करत नसेल तर माणूस आतच राहतो. पंथाच्या वारसदार संघटना आजही आहेत, हजाराहून जास्त माणसं त्यांत आहेत, आणि नाव लपवून योगवर्गातून नवी मुलं गोळा करणं चालूच आहे.

म्हणून भाच्याला फोन करा. त्या ग्रुपाचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर ऐका, पटत नाही एवढं एकदा सांगा आणि जेवायला बोलवा. व्हिडिओला व्हिडिओने उत्तर देऊ नका, त्यात तो तुमच्यापेक्षा तयार आहे. नोकरी, झोप, जुने मित्र यांची चौकशी करा. पैसे भरलेत का, कागदांवर सह्या केल्यात का, हे दोन-चार भेटींनंतर विचारा. धमकी किंवा मारहाणीची गोष्ट निघाली तर मात्र थांबू नका, सरळ पोलिसांत जा. आणि बहिणीला सांगून ठेवा, तो कधीही, रात्री-अपरात्रीही आला तरी 'बघ, आम्ही सांगत होतो' हे कुणी म्हणायचं नाही.