चार तोंडं, चार औषधं

रात्री शेडमधला लाइट घालवला की खरा आवाज ऐकू येतो. घरघर, घरघर. मधेच एखादं शिंकतं. अठरा दिवसांची कोंबडीची पिल्लं, डोळ्यांत फेस, आणि मी तुसावर उकिडवा बसून फोन लावतोय.

कंपनीचा सुपरवायझर म्हणला, पाण्यात टायम्युलिन सोडा, हे अँटिबायोटिक. अरे बाबा, तुझ्याच खाद्याच्या पोत्यावर सॅलिनोमायसिन लिहिलंय, रक्ती हगवणीवरचं औषध! दोन्ही एकत्र गेले तर पिल्लं पाय ओढत लोळतील, हे मी तुला सांगायचं का? दुकानदारानं अमॉक्सिसिलिनचं पाकीट सरकवलं. ते जंतूची भिंत फोडतं, आणि ही घरघर मला मायकोप्लाझ्माची वाटतेय, त्या जंतूला भिंतच नसते. पहार घेऊन फोडणार काय, कपाळ? पाहुण्याचं एकच, एन्रो, म्हणजे एन्रोफ्लोक्सासिन, मार. अमेरिकेनं कोंबड्यांसाठी ते २००५ मध्येच बंद केलं म्हणलं, तर म्हणतो, "आपण कुठं अमेरिकेत राहतो?" एकजण तर कोलिस्टिन मिळवून देतो म्हणला. आपल्याकडं कोंबड्यांसाठी २०१९ पासून बंदी आहे त्यावर!

शेवटी मी पाण्यात डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिन, सोडली. तीन दिवस. फरक ढिम्म नाही. चौथ्या दिवशी टाकीत बोट फिरवलं तर हा पांढरा खरपुडा! आपल्याकडचं बोअरचं पाणी, दुसरं काय निघणार. त्यातलं कॅल्शियम डॉक्सीला धरून बसतं, औषध रक्तात उतरतच नाही. एन्रोचंही तेच. म्हणजे पैसे माझे अन् औषध खालच्या तुसात. चौघांपैकी एकानं तरी विचारावं का नाही, पाणी कसलंय तुझं?

मेलेलं एक मीच फाडलं. हवेच्या पिशव्या धुरकट, काळजावर दुधावर येते तशी साय. म्हणजे ई. कोलाय हा दुसरा जंतूही घुसला. (थंडीला भिऊन पडदे मीच गच्च बांधले होते, अमोनियानं माझेच डोळे चुरचुरत होते. ती चूक माझी, कबूल.) कल्चर लावून कुठलं औषध लागू पडतं ते बघता येतं, परभणीला, उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत. पण नमुना घ्या म्हणलं की सगळ्यांचं ठरलेलं, "आधी सोडा, मग बघू." राणीखेत निघाली तर? आयबी, म्हणजे श्वासनळीचा विषाणू, निघाला तर? दोन्ही विषाणूचे, विषाणूला हे अख्खं दुकान पाजलं तरी काय होणारय!

आता टायलोसिन आणलंय, मायकोप्लाझ्मावरचं, कॅनमधल्या आरओच्या पाण्यात कालवून देतोय. घरात आम्ही बोअरचंच पितो.

सकाळी सुपरवायझरचा मेसेज. पिल्लं कशी आहेत, काय दिलं, काही नाही. "आज मर किती?"

ये म्हणलं, खड्ड्यापाशी उभा राहून मोज.