डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी

आज भाचीला घेऊन डोळे तपासायला गेले होते. वय वर्षं 13. गेल्या वर्षी मायनस पावणेदोन होता, आज अडीच निघाला. आत बोलावायची वाट बघत बसलो होतो, तर शेजारचे एक काका, ओळख ना पाळख, तिला म्हणाले, "एवढ्याशा वयात चष्मा? सारखा लावू नकोस हं बाळ. डोळ्यांना सवय लागते, मग नंबर वाढतच जातो." पोरीने मुकाट्याने चष्मा काढला आणि डबीत ठेवला.

काकांना मी काही बोलले नाही. वडीलधारे वगैरे. ते सगळं आता इथे निघणार आहे.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना ही गोष्ट पाठ असेल, तरी सांगते. मी 12 वर्षांची असताना शाळेत डोळे तपासायला आले होते. फळ्यावरचं दिसेनासं होऊन तेव्हा बरेच महिने झाले होते, पण घरात चष्म्याचं नाव काढलं की सुतकी चेहरे. मग मी काय केलं? रांगेत पुढे असलेली मुलं तक्ता वाचत होती, ते ऐकत राहिले. माझा नंबर येईपर्यंत आठवी ओळ तोंडपाठ. डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी. एका दमात म्हणून टाकली. कार्डावर शेरा पडला: दृष्टी उत्तम!

पुढचं दीड वर्ष ही उत्तम दृष्टी शेजारणीच्या वहीतून फळा उतरवत होती.

अहो काका, नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. मोठ्या माणसाचं बुबुळासकट अख्खं नेत्रगोल साधारण 24 मिलिमीटर लांब असतं. ते 1 मिलिमीटर जास्त लांबलं की अडीच-तीन नंबर आलाच समजा, कारण प्रतिमा मागच्या पडद्यावर पडायच्या ऐवजी त्याच्या अलीकडेच तयार होते. प्रतिमा अशी अलीकडे पडते, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 मध्ये लिहून ठेवलंय. चारशे वर्षं झाली! पोराच्या चपला दर वर्षी तोकड्या पडतात, तेव्हा "चपला घातल्या म्हणून पाय वाढला" असं म्हणतो का आपण? मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊनही पाहून झालंय, 2002 मध्ये मलेशियात. नंबर थांबला तर नाहीच, उलट जरा जास्तच वाढला.

बरं, मोबाइल. हो, तासन्‌तास डोळ्यांजवळ धरून काही बघणं चांगलं नाही, मान्य. पण पुस्तकही जवळूनच वाचतात, आणि त्याला कुणी शिव्या घातलेल्या मी ऐकल्या नाहीत.

आणि आणखी एक मान्य करते, जिवावर आलंय तरी. त्या दीड वर्षात चष्मा असता तरी माझा नंबर वाढलाच असता. आई-बाबा दोघेही चष्मेवाले, सुटका नव्हतीच. अखेर चष्मा आला तेव्हा सव्वातीन, आज साडेसात. सहाच्या पुढे गेलं की पडदा ताणला जातो, फाटायची भीती वाढते, काचबिंदूचीही. मला पडद्याला भोक पडलं म्हणून लेझर करून घ्यावं लागलं. त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण ते दीड वर्ष? ते कुणाच्या खात्यात टाकू?

आईवर मात्र आता राग येत नाही. तीही मला हेच सांगायची, अगदी काकांच्याच शब्दांत. तिच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, मग निदान चष्मा तरी कमी लावावा, एवढंच तिला सुचत असणार. आता तसं नाही. अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब आहेत, वेगळ्या घडणीच्या काचा आहेत, रात्री घालून झोपायच्या लेन्स आहेत. आलेला नंबर यातल्या कशानेच कायमचा उतरत नाही, पण वाढीचा वेग कमी होऊ शकतो. आणि रोज दोनेक तास उघड्यावर, उजेडात. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स, बाहेर दिवसा दहा हजारांच्या वर सहज. त्याचा खरा फायदा चष्मा लागण्याआधी, पण नंतरही पोर बाहेर खेळलं तर कुणाचं काय बिघडलं?

ताई सकाळपासून एकच विचारतेय, "हे थांबणार कधी?" बहुतेकांचं विशीच्या आसपास थांबतं, बऱ्याच जणांचं पंधरा-सोळालाच. काहींचं नाही थांबत. भाचीचं कुठे थांबेल, हे आज कोण सांगणार? दर सहा महिन्यांनी दाखवायचं, बस.

तर, काकांचं प्रवचन झाल्यावर भाची माझ्या कानाशी आली. "मावशी, ती ओळ तुला अजून येते ना?"

"येते."

"सांग ना."

मी नाही सांगितली. जरा रुसलीच. आत गेल्यावर आधी चष्म्याशिवाय, एक डोळा झाकून वाचायला लावलं. मी मागे भिंतीला टेकून उभी. ती आठ अक्षरं अगदी जिभेवर आलेली माझ्या.

"ई," ती म्हणाली. मग बराच वेळ डोळे बारीक करून, "एफ... पी?"

मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा तक्त्याकडे.

"पुढचं नाही दिसत." बाहेर बसलेल्या काकांनाही ऐकू गेलं असेल, एवढ्या मोठ्याने.