मीठ म्हणजे विष? नाही हो!
आमच्या दादरच्या सोसायटी ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, की मिठातलं सोडियम पाण्यात पेट घेतं नि क्लोरीन विषारी गॅस, म्हणून मीठ बंद करा. अहो, ते सुटे असताना! सोडियमकडे ११ प्रोटॉन, ११ इलेक्ट्रॉन, त्यातला बाहेरचा एक तो सोडून देतो, उरतात १०, म्हणून तो पॉझिटिव्ह आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू), आणि १७ इलेक्ट्रॉनवाला क्लोरीन तोच एक घेऊन १८ करतो, झाला निगेटिव्ह क्लोराइड, मग दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. भांडुपच्या मिठागरात कधी आग लागलेली बघितलीय का पाण्याने? बीपीवाल्यांनी मीठ कमी खावं हे खरंच, पण त्याचं कारण हे नाही.