१७५ अँपिअरची गाठ

बोलेरोत फ्रिज बसवायचा तर त्याला वेगळी बॅटरी हवी. नाहीतर रात्रभर ताक गार आणि सकाळी गाडी धक्क्यावर. दुसरी बॅटरी मागे ठेवली, मधे रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टाकला. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झालं की थोड्या वेळाने तोडतो. राहता राहिली वायर आणि कनेक्टर.

पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदाराने विचारलं, "मेल देऊ की फीमेल?" मला हवा होता १७५ अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, म्हणजे जाड वायरी जोडायचा-सोडायचा प्लग. त्यात तो भेदच नसतो. एकसारखे दोन घ्यायचे, एक उलटा धरून दुसऱ्यात घुसवायचा. हे मी जरा मोठ्याने सांगितलं असावं, कारण बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "दोन्ही करडेच द्या, रंग वेगळे असले की खाचा जुळत नाहीत," मी आवाज उतरवला. हे मात्र त्याला लगेच पटलं. पत्रिका बघणाऱ्यांतला असावा.

मग वायर, जिची जाडी स्क्वेअर मिलिमीटरमध्ये सांगतात. "चार स्क्वेअर न्या, एसीला चालते!" दुकानदार म्हणाला. चालते, कारण तिथे २३० व्होल्ट असतात. इथे १२ व्होल्टवर ३० अँपिअर वाहणार आणि जाऊन-येऊन बारा मीटरमध्ये दीड व्होल्ट वाटेतच जिरणार. अल्टरनेटरकडून १४.२ निघाले तर मागे १२.७ पोचणार. त्यावर बॅटरी काय चार्ज होणार, कप्पाळ! २५ स्क्वेअर घेतली, पाव व्होल्टवर भागलं. बिलावर मात्र भागलं नाही, कारण बॅटरी दोन्ही टोकांना, म्हणून फ्यूजही दोन.

पार्किंगमध्ये वायर सोलायला घेतली आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका उतरले. वीज मंडळातून निवृत्त.

"सोल्डर मार रे."

"काका, सोल्डर तारांत वर चढतं, वायर ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते."

"मग हातोडी आण."

थिंबल, म्हणजे वायरच्या टोकावरचं धातूचं टोपण, दाबून बसवायचं भाड्याचं हायड्रॉलिक क्रिंपर मी दाखवलं. काका हिरमुसले, पण दांडा दाबायला त्यांनीच घेतला. थिंबल कनेक्टरमध्ये ढकलताना स्प्रिंगवर बसल्याचा 'खट्' आवाज यायला हवा. अंगठ्याएवढी वायर आपल्याला हवं तिकडे वळत नाही. आपणच तिच्याभोवती वळायचं. खट्. पुन्हा खट्. मग दोन्ही अर्धे एकमेकांत घट्ट.

"आता काढून दाखव," काका म्हणाले.

याला ओढायचं हँडल वेगळं विकत मिळतं, हे दुकानदार बोललाच नव्हता. एका टोकाला मी, दुसऱ्याला काका, पाय टायरला लावून ओढतोय, वॉचमन खुर्ची सरकवून बसलेला, आणि वरून काकूंचा आवाज, "अहो, परवाच कंबर शेकून दिलीये!"