पण गाणी कधी सुरू होणार?

आवडता संगीतकार ठरवायच्या आधी माणसानं त्याची सिनेमांची यादी बघून घ्यावी, हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. स्थळ बघताना लोक पत्रिका काढतात, मामाचं गाव विचारतात, पगाराची स्लिप मागतात, संगीतकाराच्या बाबतीत कुणी काही विचारत नाही, रात्री टीव्हीवर दोन मिनिटं कानावर पडतो आणि माणूस कामातून जातो. आता बर्नार्ड हरमन घ्या ना. थोर माणूस, पन्नासेक सिनेमे केले, १९७५ साली गेला, संग्रह करणाऱ्याची केवढी सोय, एक शेल्फ भरलं की विषय संपला. मला आवडला एन्निओ मोरिकोने. राहणार रोम. जन्म १९२८, गेला २०२० ला, आणि मधल्या काळात सिनेमा आणि टीव्ही मिळून चारशेच्या वर कामं! बरं, हॉलिवूडमध्ये बरेच जण चाल लिहितात आणि पुढची वाद्यमांडणी दुसऱ्याकडे सोपवतात, हा गृहस्थ तेही स्वतःच करायचा. म्हणजे याच्या नावावर खपवलेलं दुसऱ्याचं असेल, जाऊ दे, नको घ्यायला, अशी पळवाटही ठेवली नाही.

सुरुवात झाली ती इंदूरला घरोघरी केबल आली त्या काळात. रात्री उशिरा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' लागला होता, आवाज अगदी बारीक ठेवलेला कारण आतल्या खोलीत नाना झोपलेले, आणि शेवटी तो एली वॉलक कबरस्तानात पळत सुटतो आणि वाद्यवृंद त्याच्यामागे पळतो आणि वर एक बाई नुसत्या आऽ आऽ वर गातेय, शब्द एक नाही. ती एद्दा देल'ओर्सो हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की हे आपल्याला पाहिजे. दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या आजूबाजूची कॅसेटची दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणाला, "भिया, इंग्लिश में बोनी एम है, माइकल जैक्सन है, ये मोरी-वोरी कौन है?" मग मुंबईच्या मावसभावाला साकडं घातलं, त्यानं कॅसेट पाठवली, लावली तर चाल तीच पण सगळं कसं गुळगुळीत, पावडर लावून बसवल्यासारखं. खोक्यावर बारीक अक्षरात नाव होतं ह्यूगो माँटेनेग्रो. या अमेरिकन गृहस्थानं तीच चाल आपल्या ऑर्केस्ट्रावर वाजवून १९६८ साली अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत नेली होती, आणि आमच्याकडे मुंबईहून इंदूरला पोचला तोही हाच.

पुढे इंटरनेट आलं, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. दुकानात मिळत नव्हतं तेव्हा माणूस निदान सुखी होता, आता सगळं मिळतं म्हटल्यावर सगळं घ्यावं लागतं.

पहिली भानगड नावांची. 'द गुड, द बॅड'चा दिग्दर्शक सर्जिओ लिओने, त्याचा १९७१ चा एक सिनेमा आहे, इटालियनमध्ये 'जू ला तेस्ता'. तोच इंग्रजीत 'डक, यू सकर'. तोच परत 'अ फिस्टफुल ऑफ डायनामाइट'. आणि फ्रेंच लोकांनी त्याचं 'वन्स अपॉन अ टाइम द रेव्होल्यूशन' या अर्थाचं काहीतरी केलेलं. सिनेमा एक, संगीत एक, कव्हरं वेगवेगळी, आणि विकणारा माणूस त्यातलं एक अक्षर सांगत नाही. त्यात साहेब स्वतःही लपून बसायचे, १९६४ च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'वर यांचं नाव आहे डॅन सॅव्हिओ! दिग्दर्शक लिओनेही बॉब रॉबर्टसन होऊन बसलेला, का तर काउबॉयचा सिनेमा इटालियन लोकांनी काढलाय हे कळलं तर कोण येईल बघायला. दोघं लहानपणी शाळेत एका वर्गात होते म्हणे. हे नानांना सांगितलं तर म्हणाले, "लक्षण दिसतंच आहे."

दुसरी भानगड आवृत्त्यांची. 'द गुड, द बॅड'ची मूळ रेकॉर्ड ११ तुकड्यांची. ती घेऊन माणूस शांत बसतो न बसतो तोच २००४ मध्ये २१ तुकड्यांची निघाली. मग वाढीव, मग रिमास्टर, मग अमुक वर्षाची खास. आणि कमी माहितीतले सिनेमे असतील तर इटलीतली एखादी छोटी कंपनी फक्त पाचशे प्रती काढते, संपल्या की संपल्या. या पाचशेच्या आकड्यात काय जादू आहे मला समजत नाही, पाच हजार काढल्या असत्या तर मी ढुंकून बघितलं नसतं. सीडी हातात आली की तुकड्यांची नावं बघा: सेक्वेन्स १, सेक्वेन्स २, सेक्वेन्स ३, असं करत चौदापर्यंत. एकच चाल नऊ वेळा, एकदा गिटारवर, एकदा बासरीवर, एकदा नुसती व्हायोलिनं, एकदा त्याच बाई आऽ आऽ. बायको म्हणते एकदाच नीट वाजवलं असतं तर वेळ वाचला असता. तिला मी सांगितलं की अगं रागाचा विस्तार असतो तसं आहे हे. त्यावर तिनं नुसतं बघितलं. तसं बघणं तिच्या माहेरच्या सगळ्यांना जमतं.

पार्सलाचं तर विचारूच नका. सीडीची किंमत, तिच्यावर टपालखर्च, आणि दोन्हीच्या बेरजेवर ड्यूटी. म्हणजे टपालावरसुद्धा कर! पैसे मोजून घेताना कुरियरचा पोरगा कुतूहलानं विचारतो, "अंकल, पिक्चर है इसमें?" म्हटलं नहीं, पिक्चर का म्यूज़िक है. "अच्छा, गाने." गाने नहीं हैं. तो बिचारा जिना उतरताना दोनदा मागे वळून बघत गेला.

गाणी नाहीत ही आमच्या घरातली मुख्य तक्रार. आमचे नाना म्हणजे जुन्या इंदूरचे रसिक, अमीर खाँसाहेबांच्या संथ झूमरा तालात तासन् तास मांडी न हलवता बसणारे, जिथं एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत माणूस सराफ्यात जाऊन गराडू खाऊन परत येऊ शकतो. पण मी काही लावलं की दहाव्या मिनिटाला, "अरे वाद्यं लावून झाली की नाही यांची? गाणी कधी सुरू होणार?" एकदा म्हटलं यांना सिनेमासकटच दाखवू, मग पटेल. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' लावला, १९६८ चा. आता या सिनेमाचं कौतुक काय, तर संगीत शूटिंगच्या आधी तयार होतं आणि सेटवर ते वाजवून नटांना चालायला लावलंय, हे सगळं मी आधी भाषणात सांगून टाकलेलं. आणि सिनेमा सुरू झाला तर पहिली दहा मिनिटं संगीतच नाही. स्टेशनावर तीन गुंड बसलेत, पवनचक्की कुरकुरतेय, एकाच्या टकलावर पाणी ठिबकतंय, एकाच्या तोंडावर माशी. मोरिकोनेनं इथं मुद्दाम काही वाजवलेलं नाही, हीच तर त्याची कमाल, असं मी कुजबुजलो. नाना म्हणाले, "त्या चक्कीला कोणी तेल घाला रे. आणि तुझा संगीतकार रजेवर आहे का?" शेवटी गाडी गेली, धुरापलीकडून हार्मोनिका वाजली, माझ्या अंगावर काटा, आणि नाना एकदम सरसावून, "हे तर शोले!"

मी तारखा सांगितल्या. हा १९६८, शोले १९७५, लिओनेच्या या सिनेमाची छाया शोलेवर आहे हे जगजाहीर आहे, इथं फ्रँको दे जेमिनी वाजवतोय, तिथं भानू गुप्तांनी वाजवलंय. नाना म्हणाले, "आम्ही शोले आधी पाहिला." यावर काय बोलणार?

बरं, सगळंच काही हार्मोनिका आणि शिट्टी नाही. वेस्टर्न सिनेमे त्याच्या एकूण कामात दहा टक्केही नसतील, लोक तेवढ्यावरच ओळखतात याचा तो आयुष्यभर वैतागला होता, आणि त्याच्यासारखाच मीही. पण म्हणून त्यानं खूनखराब्याच्या इटालियन सिनेमांना जे दिलंय ते दिवेलागणीला लावावं असं कुठं आहे? तर मला वेळ तेव्हाच मिळतो. सुरुवातीला अंगाई, घंटा किणकिणतायत, एद्दाबाई ला ला ला करतायत, आई जपमाळ घेऊन कौतुकानं ऐकतायत, "आज छान लावलंय हो काहीतरी," आणि अचानक धाप लागल्यासारखे श्वास आणि व्हायोलिनं किंचाळायला लागतात. माळ हातातून पडली. त्याहून वरताण म्हणजे तो ज्यात ट्रम्पेट वाजवायचा तो प्रयोगवाल्या संगीतकारांचा गट. त्यांची रेकॉर्ड लावली तर बायको आतून ओरडली, "ओट्यावरून काय पडलं हो?" आणि मी बाहेरून तितक्याच शांतपणे, "काही नाही, संगीत आहे."

सकाळी ऐकावं तर सकाळ इंदूरची. 'द मिशन' मधला तो ओबो, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, जंगलात एकटा पाद्री बसून वाजवतो आणि आदिवासी झाडांमागून ऐकायला येतात, माझ्या मते विसाव्या शतकात एवढी सुंदर चाल फार थोड्यांनी लिहिली. (१९८६ चा सिनेमा, ऑस्कर मिळालं नाही, माझा राग अजून गेलेला नाही.) ओबो वर चढायला लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यावरून कचरागाडीचं गाणं येतं. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आहे याचा मला अभिमान आहे, पण त्या ओबोचं काय करू? आवाज वाढवला तर समोरचे भाईसाब खिडकीतून, "क्या बात है, आज शहनाई! किसी की शादी है क्या?" आणि बायको डबे घेऊन बाहेर जाताना माझ्या सीडींच्या ड्रॉवरकडे बघून विचारते, "हे ओल्यात, सुक्यात, की ई-वेस्टमध्ये?"

लेक म्हणते, बाबा हे सगळं फोनवर आहे, कशाला पसारा. तिनं एक बोलणारं डबडं आणून ठेवलंय, म्हणाली नुसतं नाव सांगा. मी स्वच्छ उच्चारात म्हटलं, एन्निओ मोरिकोने. त्यानं क्षणभर विचार केला आणि 'मोरनी बागा मा बोले' लावलं. नाना आनंदानं उठून बसले. "आता कसं! लता आपल्या शीख मोहल्ल्यात जन्मली, माहितेय ना?" तेव्हापासून ते डबडं नानांच्या उशाशी आहे.

पुरस्कारांनी तरी माझी बाजू घ्यावी ना? १९८२ च्या 'द थिंग'साठी वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताचं रॅझीचं नामांकन! नाना हे वाक्य पाहुण्यांना म्हणून दाखवतात. मग २००७ ला मानद ऑस्कर दिलं, क्लिंट ईस्टवुडनं शेजारी उभं राहून त्याच्या इटालियन भाषणाचं इंग्रजी करून सांगितलं, आणि खरंखुरं स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं २०१६ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी, 'द हेटफुल एट'साठी. ज्यात त्याच 'द थिंग'चे न वापरलेले काही तुकडे वाजलेत! हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जुनाच माल."

पण एकदा माझे दिवस आले. भाच्याचं लग्न होतं, हॉल आपला रामबागेकडचाच, आणि पोरांनी ठरवलं की हल्ली सगळ्यांची एंट्री होते, नवऱ्याची, नवरीची, मग विहिणींची का नाही. ताई मला म्हणाली, "तुझ्याकडे एवढं इंग्लिश वाजवण्याचं सामान आहे, दे की काहीतरी भारदस्त." मी रात्रभर बसलो. प्रेमाचं, समुद्राचं, क्रांतीचं असं काय काय काढलं, सगळं भाच्यानं नाकारलं आणि म्हणाला, "मामा, ते शिट्टीवालं नाही का?" मग म्हटलं शिट्टी तर मी देणार नाही. 'द गुड, द बॅड'मधलंच शेवटच्या तिघांच्या सामन्याचं दिलं. आधी गिटार, मग घंटेसारखे टोल, मग ट्रम्पेट असं चढत चढत जातं, आणि पडद्यावर तिघं एकमेकांच्या डोळ्यात बघत पिस्तुलावर हात ठेवून उभे असतात.

हॉलच्या या दारातून ताई, त्या दारातून विहीणबाई, दोघीही जरीच्या पैठण्या आणि नथी घालून, मधे मोकळा गालिचा आणि वर तो ट्रम्पेट. दोघी ज्या चालीनं आल्या! लिओने असता तर त्यानं दोघींना करारावर घेतलं असतं. ट्रम्पेट शिगेला पोचला तेव्हा मधोमध दोघी थांबल्या, दोन्हीकडची मंडळी श्वास रोखून, आणि मग एकदम हळदीकुंकू झालं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मागून नानांचा आवाज आला, "आत्ता गाणं सुरू झालं."

पंगतीत विहीणबाई स्वतः माझ्या पानाशी आल्या. "भाऊ, ते मघाचं भांडणाचं वाजत होतं ना, ते मला व्हॉट्सॲपवर पाठवाल का? आमच्या जाऊबाईंकडे मुंज आहे." मी हातातली जिलबी खाली ठेवली आणि विचारलं, "हो तर, पण १९६६ ची मूळ रेकॉर्ड पाहिजे की २००४ ची? कारण मूळ जी आहे तिच्यात काय होतं..." एवढ्यात बायकोनं माझ्या पानात मठ्ठा वाढला आणि विहीणबाईंना म्हणाली, "मी पाठवते. तुम्ही आधी जेवून घ्या."