‘आहे तसे उचला आणि क्लाउडवर ठेवा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

‘ॲप्लिकेशन आहे तसे क्लाउडवर हलवा, ते बंद पडणार नाही, बॅकअपची चिंता उरणार नाही आणि काम काही आठवड्यांत संपेल,’ असा सल्ला लहान उद्योगांना सर्रास दिला जातो. डिस्क, वीज आणि थंडाव्याची जबाबदारी क्लाउड कंपनी, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी घेते, एवढाच त्यातला खरा भाग आहे.

‘बंद पडणार नाही’ असे खुद्द क्लाउड कंपन्याही म्हणत नाहीत. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनच्या क्लाउडमधील एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सेवेत उत्तर व्हर्जिनियात एका चुकीच्या कमांडमुळे गरजेपेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले, आणि असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास अडली. ॲमेझॉन ईसी-टू या भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरपैकी एकट्या सर्व्हरसाठी महिन्याला 99.5 टक्के उपलब्धतेची हमी देते, म्हणजे तीस दिवसांत साडेतीन तासांहून अधिक खंड हमीत बसतो. तो त्याहून वाढला तरी बिलात सूट मिळते, बुडालेला धंदा भरून मिळत नाही. 99.99 टक्क्यांची हमी एकाहून अधिक झोनमध्ये (एकाच भागातल्या स्वतंत्र डेटा सेंटरांमध्ये) पसरलेल्या रचनेला आहे, आणि ती रचना ग्राहकानेच करायची असते.

‘आहे तसे’ हे शब्द मला सर्वांत घातक वाटतात. लॉगिनची माहिती एका सर्व्हरच्या मेमरीत आणि अपलोड केलेल्या फाइल त्याच्याच डिस्कवर असतील, तर दुसरा सर्व्हर उभा करूनही उपयोग नाही, कारण तिकडे वळलेल्या वापरकर्त्याला पुन्हा लॉगिन करावे लागते आणि त्याची फाइल सापडत नाही. शिवाय सेवा वेगवेगळ्या सर्व्हरवर विभागल्या की मधले नेटवर्क कधीही दगा देऊ शकते. पैसे कापले गेले पण उत्तर वाटेतच हरवले, अशा वेळी आंधळेपणाने केलेला रिट्राय, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवणे, ते पुन्हा कापतो. म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतंत्र ओळखक्रमांक हवा आणि तो पुन्हा आला तर आधीचेच उत्तर परत जायला हवे. सगळ्यांनी एकाच क्षणी रिट्राय केला, तर सावरू लागलेली सेवा पुन्हा कोसळते. त्यामुळे दोन प्रयत्नांमधले अंतर वाढते आणि थोडे अनियमित ठेवावे लागते. हे सारे कोडमध्ये लिहावे लागते, भाड्याने मिळत नाही.

बॅकअपबाबत 10 मार्च 2021 ची फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरची आग पुरेशी बोलकी आहे: मूळ डेटा आणि बॅकअप एकाच आवारात असलेल्या काही ग्राहकांचे दोन्ही जळाले. ॲमेझॉनचे मुंबई आणि हैदराबाद असे दोन रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचे एकमेकांपासून दूर असलेले समूह असल्याने देशातच दूरची प्रत ठेवता येते, मात्र ती ग्राहकाने मागावी लागते.

राहिली मुदत. ऑगस्ट 2008 मध्ये डेटाबेस बिघडून तीन दिवस ग्राहकांना भाड्याच्या डीव्हीडी पाठवता न आल्यावर नेटफ्लिक्सने क्लाउडचा मार्ग धरला आणि जुने दोष सोबत येऊ नयेत म्हणून जवळपास सगळी रचना नव्याने केली. ते काम जानेवारी 2016 मध्ये संपले. लहान उद्योगाला इतकी वर्षे लागणार नाहीत, परंतु लॉगिन आणि फाइल सर्व्हरबाहेर काढण्याचे काम ज्या कोटेशनमध्ये नाही, ते त्याने परत पाठवावे.