छेदानं उडवलेला छेद

"बाबा, दोन तृतीयांश गुणिले तीन चतुर्थांश कसं करायचं?" असं लेकीनं विचारलं, तेव्हा मी चटकन हो म्हणालो. तिथंच चुकलं.

अपूर्णांक दिसला की आमच्या पिढीला एकच गोष्ट आठवते: छेद सारखे करा. लसावि काढला, बारा. आठ बारांश, नऊ बारांश. आठ नव्वे बहात्तर, खाली बारा. उत्तर सहा! मी पेन खाली ठेवून कौतुकाची वाट पाहू लागलो.

"बाबा, दोन्ही आकडे एकाहून लहान आहेत."

"मग? गुणलं की वाढतंच."

तिनं वहीचं एक पान फाडलं. घड्या घालून उभे तीन भाग केले, आडवे चार. उलगडल्यावर बारा चौकोन. चार ओळींपैकी तीन ओळी रंगवल्या आणि त्या रंगवलेल्या भागाच्या दोन तृतीयांशावर रेघोट्या मारल्या. रेघोट्यांचे चौकोन सहा, म्हणजे बारातले सहा, म्हणजे अर्धं पान. माझ्या हिशेबानं त्या एका पानातून सहा पानं निघायला हवी होती.

"'चा', 'ची', 'चे' म्हणजे गुणिले," ती म्हणाली. "पाऊण पानाचे दोन तृतीयांश. अंशाला अंशानं गुण, छेदाला छेदानं."

छेदालाही गुणायचं असतं, हे माझ्या डोक्यातून साफ उडालं होतं. बाराला बारानं गुणलं असतं तर एकशे चव्वेचाळिसात बहात्तर, म्हणजे अर्धाच आला असता. लसावि चूक नव्हता, नुसता हेलपाटा होता. शिवाय वरचा तीन खालच्या तीनला काटतो, हे आधी दिसलं असतं तर गुणायलाही फारसं काही उरलं नसतं. (बेरजेत अशी तिरकी काटाकाटी चालत नाही. हेही मला तिनंच बजावलं.)

पुढचं गणित दीड गुणिले दीड. आता चूक दुरुस्त करायची म्हणून मी तत्परतेनं एक एके एक, अर्ध्याचा अर्धा पाव असं करून सव्वा लिहिलं. दीडची दीडपट दीडहून कमी!

"सव्वादोन," पेपरातून डोकं वर न काढता आई म्हणाली.

"आजी, पायऱ्या?"

"कसल्या पायऱ्या? दीड आणि त्याचा अर्धा पाऊण. झाले सव्वादोन."

पायऱ्या वहीत लागतातच. शेवटी मी दीडचे तीन द्वितीयांश केले, वर नऊ, खाली चार, असं नीट मांडून दिलं.

"म्हणजे उत्तर आजीचं, पायऱ्या बाबांच्या," लेक म्हणाली. "अर्धे मार्क बाबांचे?"

"पाव," आई म्हणाली.